अंजनाच्या जाहिरातीतले रावसाहेब

रावसाहेबांना डोळे पसंत पडले नाहीत.

प्रूफ टेबलावर पसरलेलं होतं. ते उठले, टेबलाच्या डाव्या अंगाला गेले, मग उजव्या अंगाला. परत खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "हा भलतीकडेच बघतोय."

"फोटोत तुम्ही जरा बाजूला बघत होता, साहेब. मी फोटोवरूनच काढलंय."

"मग फोटो दुसरा घ्या. माणूस कुठंही उभा राहू दे, मी त्याच्याकडेच बघतोय असं त्याला वाटलं पाहिजे. जमतं का असं?"

जमतं. चित्रकाराची ती जुनी युक्ती आहे. फोटो काढताना माणसानं थेट लेन्समध्ये बघायचं. चित्र काढताना बुबुळं डोळ्यांच्या बरोबर मध्यावर ठेवायची आणि चेहरा कुठल्याही बाजूला वळवायचा नाही. कागद सपाट असतो. मग तुम्ही डावीकडे जा, उजवीकडे जा, ते डोळे तुमच्यावरच राहतात. मी हे त्यांना सांगितलं. ते मान डोलवत राहिले आणि पहिल्यांदा हसले.

एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं होती. मी तेव्हा मुंबईला फोर्टात एका जाहिरात कंपनीत आर्टिस्ट होतो. आमचे मॅनेजर मगनभाई मुख्यतः औषधांची आणि साबणांची कामं आणायचे. हे काम अंजनाचं होतं. डोळ्यांत घालायचं काजळासारखं औषध. कारखाना रावसाहेबांच्या जावयाचा, आणि जाहिरातीत चेहरा खुद्द रावसाहेबांचा. ते अलिबागकडच्या किनारपट्टीवरच्या गावांचे खोत होते. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा, आणि गावातल्या बहुतेक जमिनीचा धनीही तोच. बाकीची माणसं त्याची कुळं.

मजकूर, आमच्या भाषेत कॉपी, त्यांनी स्वतःच लिहून आणला होता. चेहऱ्याच्या वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ: "मला आता सगळं दिसतं!"

मी म्हणालो, "साहेब, बाटली जरा मोठी घेऊ. माल दिसला पाहिजे."

"बाटली लहानच ठेवा."

मगनभाईंनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. रावसाहेब गेल्यावर मगनभाई म्हणाले, "अरे भाई, पार्टी म्हणेल तसं कर ने. एनुं इलेक्शन छे."

पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक. जिल्ह्याच्या लोकल बोर्डाची निवडणूक होती आणि रावसाहेब उभे होते. मला एवढंच वाटलं की हौशी माणूस आहे, निवडणुकीच्या आधी आपलं तोंड चार गावांत लागावं असं त्याला वाटतंय. मी नवा फोटो घेतला, डोळे नव्यानं काढले. त्या वेळी पोस्टर लिथोवर, म्हणजे दगडावरून, छापायचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. काळ्या रंगाच्या दगडावर मी ते डोळे स्वतः रेखले, कारण तिथं केसभर चूक झाली असती तर नजर फिरली असती. काम चांगलं झालं. छापखान्यातले लोकही पोस्टरसमोर इकडून तिकडे चालून बघायचे आणि हसायचे.

पोस्टर गेली. पाठोपाठ मला जायचा हुकूम आला. खोतांच्या एका गावात वखारीच्या भिंतीवर तेच चित्र मोठं रंगवायचं होतं.

भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली, मांडव्याला उतरलो. खोतांचे कारभारी मला न्यायला आले होते. त्यांना सगळे दाजी म्हणायचे. किरकोळ बांध्याचे, गोड बोलणारे, हातात छत्री. बैलगाडीतून आम्ही किहीमच्या बाजूनं खाली निघालो.

माझी पोस्टर वाटेवर जागोजागी होती. नारळाच्या बुंध्याला, धर्मशाळेला, वाण्याच्या फळीला. स्वतःचं काम रस्त्यावर लागलेलं बघायला कुठल्याही आर्टिस्टला आवडतं. मी गाडीतून वाकून वाकून बघत होतो. दोन-तीन गावं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी सोडून कोणीच तिकडे बघत नाहीये. माणसं पोस्टरजवळ आली की मान खाली घालायची. डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका बोलत बोलत यायच्या, पोस्टरपाशी गप्प व्हायच्या आणि पुढं गेल्यावर पुन्हा बोलायला लागायच्या.

एका चहाच्या दुकानाशी गाडी थांबली. दुकानदार आतल्या भिंतीवरून घाईघाईनं गोणपाट ओढून काढत होता. गोणपाटाखाली रावसाहेब होते.

"झाकलं होतंस होय रे?" दाजींनी हसत विचारलं.

"न्हाय, न्हाय. धुरानं काळं हुईल म्हणून, दाजी. धुरानं."

त्यानं आमच्यापुढं चहा ठेवला तेव्हा बशीत सांडला. अंजनाच्या जाहिरातीला माणूस का घाबरतो, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

गाव खाडीकाठी होतं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खोतांची मिठागरं. वखारीची भिंत दाजींनी दाखवली. समोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे शाळा. शाळेची मोठी खिडकी बरोबर या भिंतीकडे तोंड करून होती.

"चित्र एवढं घ्या, की खिडकी भरून दिसलं पाहिजे," दाजी म्हणाले.

"मुलं बिचकतील."

"त्या दिवशी मुलांना सुट्टी असते." मग तेच पुढं म्हणाले, "मतदान इथंच आहे ना. पेट्या त्या कोपऱ्यात ठेवतात. दारावर पडदा असतो. खिडकीवर नसतो."

मतदान कसं व्हायचं ते सांगतो. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. म्हणून प्रत्येक उमेदवाराला एक रंग दिलेला असे आणि त्या रंगाची त्याची पेटी. मतदारानं पडद्याआड एकट्यानं जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. कोणी कुठं टाकला हे कोणाला कळायचं नाही. रावसाहेबांची पेटी हिरवी होती. त्यांच्याविरुद्ध अलिबागचे एक वकील उभे होते, त्यांची पांढरी. मतं सगळ्यांना नव्हती. ज्यांच्या नावावर थोडीफार जमीन होती त्यांनाच होती. पण त्यांतले जवळजवळ सगळे खोतांची शेतं कसायचे किंवा मिठागरावर राबायचे.

आता ती ओळ मला निराळी वाचता आली. मला आता सगळं दिसतं.

मी दाजींना म्हणालो, "पण हे चालतं का? मतदानाच्या जागेसमोर प्रचार करता येत नाही म्हणतात."

"प्रचार कुठला? जाहिरात अंजनाची आहे." त्यांनी छत्री मिटली. "मत द्या असं कुठं लिहिलंय का त्यात? तुम्हीच काढलंत, तुम्हाला माहीत."

काम सोडून जावं तर जायचं कसं? मांडव्यापर्यंतची गाडी त्यांची. खाडीतले मचवे त्यांचे. राहायची सोय त्यांच्याच वाडीत, आणि माझ्या खोलीबाहेर दोन गडी बसलेले असायचे. "पाहुण्यांची सोय बघायला," असं दाजी म्हणायचे. मी आंघोळीला निघालो तरी त्यातला एक उठून मागून यायचा.

मी रंगवायला घेतलं. लहान चित्र मोठं करायचं तर त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी भिंतीवर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. जवळून काही कळत नाही. परांचीवरून उतरून लांब गेलं की चेहरा दिसतो. फेटा झाला, मिशी झाली. डोळे मी मागे ठेवत होतो. रोज संध्याकाळी दाजी विचारायचे, "डोळे कधी?"

गावकरी लांबून बघायचे. माझ्याशी कोणी बोलायचं नाही. एका दुपारी दाजी जेवायला गेले, दोन्ही गडी सावलीत आडवे झाले, तेव्हा एक बाई रस्ता ओलांडून आली. वय पन्नासच्या घरात, आगरी लुगडं, हातात कोयता. तिचं नाव हिराबाई. नवरा वारलेला, खाचराचा एक तुकडा तिच्या नावावर, आणि मुलगा खोतांच्या मिठागरावर कामाला.

तिनं वर बघितलं नाही. भिंतीकडे पाठ करूनच विचारलं, "दादा, मना एक सांग. या डोल्यांना दिसतं का?"

"चित्राला कसं दिसेल, बाई?"

"दाजी बोलतो, मुंबईचा यंत्र हाय. डोल्यांच्या मागं बसवतात. पेटीत कागद टाकला की त्याचा फोटू निघतो." तिनं कोयता या हातातून त्या हातात घेतला. "सगला गाव हिरव्या पेटीत टाकनार हाय. मी पन टाकीन. पोराचा काम जाईल न्हायतर. पन आधी मना खरा काय ते कलू दे."

"यंत्र नाही. नुसता रंग आहे."

"मग जाईन तिकडं कसा बघतो? वाण्याकडचा कागद हाय, त्यो पन बघतो. मी दोन बाजूंनी जाऊन बघितला."

तोंडानं सांगून तिला पटलं नसतं. मी गड्यांकडे बघितलं. एकाचे डोळे मिटलेले होते, दुसऱ्याचं तोंड पलीकडे होतं. परांचीची एक सुटी फळी होती. ती भिंतीला टेकवली, कोळसा घेतला आणि हिराबाईला म्हणालो, "इकडं बघा. थेट माझ्याकडे. हलू नका."

मी तिचाच चेहरा काढला. घाईत काढला, पण डोळे नीट काढले. बुबुळं मध्यावर.

"आता त्या अंगाला जा."

ती गेली. थबकली. दुसऱ्या अंगाला गेली. मग खाली वाकून बघितलं. तोवर आणखी दोन-चार माणसं रस्त्याच्या कडेपर्यंत आली होती. तीही इकडून तिकडे सरकायला लागली.

"ही मीच ना?" तिनं विचारलं.

"तुम्हीच."

"आनि या डोल्यांतनं मना तर काय दिसत न्हाय." ती फळीच्या मागं गेली, हात फिरवून आली. मागं काही नव्हतं. "म्हंजे मी पन खोताकडं बघतंय म्हन की."

कोणीतरी हसलं. ते हसणं मध्येच तुटलं. छत्री टेकत दाजी रस्त्यानं येत होते.

माणसं पांगली. हिराबाई पांगली नाही, हळूहळू चालत गेली. दाजी फळीसमोर उभे राहिले. "हे काय?"

"हात बसवत होतो. डोळे काढायचेत ना आज."

ते एक पाऊल डावीकडे सरकले. मग उजवीकडे. फळीवरची हिराबाई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी गड्याला हाक मारली आणि फळी चुलीत घालायला सांगितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही.

"तुम्ही मुंबईचे. तुम्हाला पोहता येतं का हो?"

"नाही."

"मग परत जाताना मचव्यात मधोमध बसा. कडेला बसू नका."

त्या दिवशी मी डोळे काढले. दोनदा पुसून पुन्हा काढले. ते चांगले आले. लांब जाऊन बघितलं तेव्हा खुद्द मलाच तिथं उभं राहवेना. मी काढलेलं, चौकटी मोजून काढलेलं चित्र, आणि मी मान खाली घातली.

मतदान होईपर्यंत मला जाऊ दिलं नाही. "रंगाला काही झालं तर तुम्ही हवेत," असं कारण दिलं. फळीबद्दल रावसाहेबांना कळवलं का, हे दाजींना विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि ते आपणहून सांगत नव्हते.

मतदानाच्या सकाळी सरकारी अधिकारी आले. कोट, टोपी, बरोबर शिपाई. खिडकीतून भिंत बघून ते बाहेर आले आणि मला विचारलं, "हे तुम्ही काढलंत? यात उमेदवाराचं नाव आहे?"

"नाही साहेब. पण चेहरा त्यांचाच आहे."

"मत द्या असं कुठे आहे?"

"नाही."

दाजी शेजारीच उभे होते. अधिकारी पुन्हा खिडकीपाशी जाऊन आले. मग म्हणाले, "अंजनाची जाहिरात काढायचा अधिकार मला नाही. खिडकी मात्र शाळेची आहे." त्यांनी शिपायाकडून खिडकीचं एक दार लावून घेतलं. दुसऱ्या दाराची बिजागरी मोडलेली होती, ते लागेना. अर्धी खिडकी उघडीच राहिली. त्या अर्ध्यातून रावसाहेबांचा एक डोळा आत दिसत होता. दोन डोळ्यांपेक्षा तो एक डोळा जास्त वाईट दिसत होता.

माणसं एकेक करून आत जात होती. कोणी पदर ओढून, कोणी टोपी पुढं ओढून. एक म्हातारा दारातूनच परत फिरला. त्याला त्याच्या मुलानं धरून आत नेलं. बाहेर येणारा प्रत्येक जण दाजींकडे बघून, न विचारता, "हिरवी, हिरवी" म्हणत होता. दाजी मान हलवत होते.

हिराबाई दुपारी आली. ती आत गेली, बाहेर आली. ती दाजींना काहीच बोलली नाही. रस्त्यात थांबून तिनं भिंतीवरच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघितलं आणि मग घराकडे गेली. तिनं कुठल्या पेटीत टाकलं हे मला कळलं नाही. मी विचारणारही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मला सोडलं. मचव्यात मी मधोमध बसलो.

रावसाहेब पडले. थोडक्यानं नव्हे, चांगलेच पडले. सगळ्या गावांच्या पेट्या एकत्र मोजलेल्या, त्यामुळे कुठल्या गावानं काय केलं ते कागदावर आलं नाही. मगनभाई पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पार्टी गई."

पण पार्टी परत आली. या वेळी जावई आला. अंजन खपत नव्हतं. त्या किनाऱ्यावर तर ते कोणी हातात धरायला तयार नव्हतं. त्याला सासऱ्याचा चेहरा सगळीकडून काढून टाकायचा होता आणि नुसती बाटली हवी होती, मोठी. भिंतीच्या कामासाठी कोणी जायचं याबद्दल ऑफिसात चर्चा झाली नाही. मला पाठवलं.

गावात शिरताना बायकांची रांग दिसली. डोक्यावर हंडे, आणि चाललेल्या गावाच्या बाहेर. वखारीपाशी पोचलो तर गावातल्या एकानं आपणहून मला बसायला फळकूट दिलं आणि काय झालं ते सांगितलं. निकाल लागल्यावर रावसाहेबांनी आपल्या वाडीतली विहीर बंद केली. खाऱ्या पट्ट्यातलं गाव, गोडं पाणी तेवढं एकच. फाटकाला कुलूप लागलं, ते अख्ख्या गावासाठी. दाजींच्या भावाचं घर गावात होतं. त्यानं हिरव्या पेटीत टाकल्याची देवापुढं शपथ घेतली. त्याची बायकोही हंडा घेऊन पलीकडच्या गावाला जात होती.

"म्हणजे हाल झाले तुमचे," मी म्हणालो.

"झाले. अजून चालूच हाईत."

हिराबाई हंडा उतरवून तिथं आली होती. ती थकलेली दिसत होती, मुलाचं कामही गेलं होतं. पण आवाज मोठा होता. भर रस्त्यात, भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

"त्याला दिसला असता तर त्यानं माजा एकटीचा हंडा अडवला असता. दाजीच्या भावजयीचा कशाला? सगल्यांचा अडवला, म्हंजे त्याला काय दिसला न्हाय. कोनाचाच न्हाय."

आजूबाजूला माणसं उभी होती. कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही. एकानं तर मला सांगितलं की पुढल्या खेपेला पडद्याआड जाताना टोपी काढून जाणार आहे, उकडतं फार. गावच्या सामाईक जागेत त्यांनी विहिरीसाठी खणायला घेतलं होतं. पाणी लागलं होतं, थोडं मचूळ होतं. जनावरांना चालत होतं. माणसांसाठी आणखी खोल जायचं होतं.

भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. दाजी रस्त्यानं जाताना दिसले तेव्हा सगळ्यांचे आवाज खाली आले, माझाही. जमीन खोताचीच होती, मीठ खोताचंच होतं. फक्त एका गोष्टीचं भय राहिलं नव्हतं, आणि ते खोतानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

मी चुन्याचे दोन हात देऊन चेहरा पुसला आणि त्यावर बाटली काढली. बाटली नुसती बाटली होती, तिच्याकडे सगळे बघत होते.

पुढं मी या धंद्यात खूप वर्षं काढली. मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत पुष्कळ चेहरे जाहिरातीत बसवले. कोणी पुढारी साबणाच्या नाहीतर तेलाच्या जाहिरातीत आपलं तोंड घालायला आला की मी आधी मजकूर वाचतो आणि मालाची बाटली केवढी ठेवायची म्हणतोय ते बघतो. बाटली लहान ठेव म्हणाला की समजायचं, विकायचं काही निराळंच आहे. आणि धमकी विकणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एकच सांगत आलो: साबण खोटा निघाला तर लोक दुसरा घेतात, धमकी खोटी निघाली तर परत विकता येत नाही. ऐकलं कोणीच नाही.